फाशाला आठवण नसते

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

औशाच्या एका शाळेत मी सहावी-सातवीच्या मुलांना गणित शिकवतो. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळचा परिपाठ नुकताच संपला होता. सातवीतल्या एका मुलीचे वडील व्हरांड्यात येऊन उभे राहिले. अडतीवर हमाली करणारा माणूस, कामावर जाता जाता आलेला. त्यांनी मूठ उघडून पुढं धरली. तळहातावर दोन फासे होते.

"गुर्जी, ह्ये पोरीच्या दप्तरात घावले. शाळंत जुगार शिकवायलाव का तुम्ही?"

त्यांचा राग रास्त होता. आपल्याकडं फासे म्हटले की धर्मराजाचं द्यूत आठवतं आणि एका घराची झालेली राखरांगोळी आठवते. पण त्याच महाभारतातल्या वनपर्वात नळराजाचीही कथा आहे. फाशांपायी राज्य गमावलेला नळ पुढं ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. हा ऋतुपर्ण वाटेतल्या बेहड्याच्या झाडाची पानं आणि फळं नुसत्या नजरेनं मोजून सांगतो आणि फाशांचं मर्म आपल्याला कळतं असंही म्हणतो. ती विद्या शिकूनच नळ गेलेलं राज्य परत मिळवतो. म्हणजे फाशांनी बुडवलेल्या माणसाला वर काढलं ते मोजणीनं. मी त्या गृहस्थांना एवढंच म्हणालो, "आलाच आहात तर दहा मिनिटं वर्गात बसा."

ते दाराजवळच्या बाकावर टेकले. मुलं फासा टाकून अंक वहीत लिहीत होती. पाहता पाहता ते पुढं सरकले, आणि एका मुलाचा सहा बराच वेळ पडेना तेव्हा त्यांना राहवलं नाही. "लई येळ झाला सहा पडला न्हाई. आता पडतोयच बगा!"

हे वाक्य मी त्याच दिवशी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं. पुढचा महिनाभर आमचा वर्ग या एका वाक्याभोवती फिरत होता. आज तुम्हाला त्याचीच हकिकत सांगायची आहे.

संभाव्यतेचं प्रकरण आपल्या मुलांना दहावीच्या गणितात भेटतं. तिथं सूत्र असतं, अपूर्णांक असतो, दोन-चार गुण असतात. पण शक्यतेविषयीच्या समजुती दहावीपर्यंत थांबत नाहीत. त्या घरात, पारावर आणि लुडोच्या पटावर बाराव्या वर्षाच्या आतच पक्क्या होतात. म्हणून मी सूत्र बाजूला ठेवतो आणि लातूरच्या गंजगोलाईतून आणलेले साधे फासे मुलांच्या हाती देतो. नियम एकच. आधी अंदाज लिहायचा, मग फासा टाकायचा. अंदाज लिहिला नाही तर माणूस नंतर म्हणतो, "मला वाटलंच होतं."

मी पहिल्याच दिवशी विचारलं, कोणता अंक पडायला सगळ्यांत अवघड? चाळीसपैकी निम्म्याहून जास्त मुलांनी 'सहा' लिहिलं. कारण उघड आहे. लुडोत सोंगटी बाहेर काढायला सहा लागतो, म्हणून आपण सहाचीच वाट पाहतो. तीन किंवा चार किती वेळानं पडला हे कुणीच लक्षात ठेवत नाही.

मग प्रत्येकानं तीस-तीस वेळा फासा टाकला. प्रत्येक अंक पाच वेळा यावा, अशी अपेक्षा. प्रत्यक्षात कुणाचा दोन नऊ वेळा आला, कुणाचा पाच एकदाच आला. "सर, फासा खोटा हाय!" अशी ओरड झाली. मी म्हटलं, थांबा. चाळीस जणांची बेरीज करू. एकूण बाराशे फेका. फळ्यावर सहा रकाने आखले आणि एकेकाचे आकडे मिळवत गेलो. शेवटी कुठलाच अंक १८० च्या खाली राहिला नाही आणि कुठलाच २२० च्या वर गेला नाही. प्रत्येकाचा वाटा २०० च्या आसपास. अवघड ठरवलेला सहासुद्धा इतरांच्या बरोबरीनं उभा होता.

इथं एक चूक हमखास होते, मोठ्यांचीही. मुलांना वाटलं, सुरुवातीला मागं पडलेला अंक फाशानं नंतर भरून काढला. तसं होत नाही. डेन्मार्कमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नजरकैदेत अडकलेल्या जॉन केरिच नावाच्या गणितज्ञानं वेळ घालवायला एक नाणं दहा हजार वेळा उडवलं आणि सगळं लिहून ठेवलं. पहिल्या शंभरात छापा ४४ वेळा आला, म्हणजे निम्म्यापेक्षा ६ कमी. दहा हजारांत छापा ५,०६७ वेळा आला, म्हणजे निम्म्यापेक्षा ६७ जास्त. फरक सहावरून सदुसष्टावर गेला, कमी झाला नाही. पण टक्केवारी ४४ वरून ५०.६७ वर, म्हणजे पन्नासच्या जवळ आली. मुलांना मी सांगितलं, चिमूटभर मीठ तांब्यातल्या पाण्यात टाका, पाणी खारट लागेल. तेच मीठ रांजणात टाका, चव कळणार नाही. मीठ कुणी बाहेर काढलेलं नसतं. पाणी वाढलेलं असतं. सुरुवातीचा कमी-जास्तपणा असाच पुढच्या फेकांत विरून जातो. त्याची भरपाई कुणी करत नाही.

आता फळ्याच्या कोपऱ्यातलं वाक्य: 'आता पडतोयच.' ते खरं की खोटं, हे मी सांगितलं नाही. वह्यांमध्येच पाहायचं ठरलं. प्रत्येकाच्या वहीत तीस अंक ओळीनं लिहिलेले होते. काम असं दिलं की, लागोपाठ सहा फेकांत एकदाही सहा आलेला नाही अशी प्रत्येक जागा शोधायची आणि तिच्या लगेच पुढचा अंक पाहायचा. सहा वेळा फेकून एकदाही सहा न पडणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. ते तीनातून एकदा घडतं. त्यामुळं वर्गातून अशा तीनशेच्या वर जागा निघाल्या. समजूत खरी असती तर त्या जागांवर सहाची गर्दी दिसायला हवी होती. सहा निघाले पन्नासच्या थोडेसे पुढं, म्हणजे सहातून एकदा. नेहमीइतकेच. आधी काय पडलं आणि किती वेळ काय पडलं नाही, याची फाशाला काहीच खबर नव्हती. एक मुलगा म्हणाला, "सर, फाशाला आठवणच नसती." मी कोपऱ्यातल्या वाक्याखाली हेही लिहिलं.

पण मग सगळ्या जगाला 'आता पडतोयच' असं का वाटतं? लोक अडाणी आहेत म्हणून नव्हे. त्यासाठी मी कापडी पिशवी आणली. पाच पांढऱ्या चिठ्ठ्या, एक लाल. डोळे मिटून एकेक काढायची आणि परत टाकायची नाही. पहिल्या तीन पांढऱ्या निघाल्या की उरलेल्या तिनांत लाल नक्की आहे. इथं 'आता येतीय' म्हणणारा बरोबर ठरतो, कारण प्रत्येक चिठ्ठीनं पिशवी बदलते. पिशवीला आठवण असते. आपला रोजचा अनुभव पिशवीचाच असतो. आढीतले आंबे संपत येतात, कणगीतली ज्वारी तळाला जाते, उपसलेल्या विहिरीचं पाणी खाली जातं. पिशवीत मुरलेली अक्कल आपण फाशाला लावतो आणि तिथं फसतो. त्या दिवसापासून काहीही समोर आलं की मुलं विचारू लागली, "सर, ह्ये फासा का पिशवी?"

त्यातच एकानं विचारलं, "भूकंप फासा का पिशवी?"

वर्ग गप्प झाला. किल्लारी आमच्याच तालुक्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, तिथं काय झालं ते या मुलांनी आजी-आजोबांकडून ऐकलेलं आहे. घरोघर एक वाक्य असतं, 'एकदा होऊन गेला, आता भ्या नाही.' मी खरं ते सांगितलं. भूकंप धड फासा नाही. खडकात ताण साठत जातो, म्हणजे जमिनीला एक प्रकारची आठवण असते. पण त्या पिशवीत आत काय उरलं आहे ते आपल्याला दिसत नाही, म्हणून दिवस-वार कुणी सांगू शकत नाही. १९९३ पूर्वीच्या नकाशात हा भाग सगळ्यांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ मध्ये नकाशा सुधारून तो वरच्या पट्ट्यात घेतला गेला. शक्यता कमी असणं म्हणजे शून्य असणं नव्हे. ती शून्य नाही म्हणूनच घर बांधताना भिंती पक्क्या बांधायच्या असतात.

त्या हमाल पालकांच्या प्रश्नाचं उत्तर अजून बाकी होतं. जुगार शिकवता का? मी म्हटलं, एकदा शिकवूनच टाकू. प्रत्येक मुलाला वीस चिंचोके दिले आणि मी झालो सावकार. एका अंकावर एक चिंचोका लावायचा. अंक आला तर लावलेला धरून पाच चिंचोके परत, नाही आला तर लावलेला माझा. दोन तासांत माझा डबा भरत गेला. एक-दोन मुलं मात्र फायद्यात राहिली, आणि गंमत अशी की वर्गात चर्चा त्यांचीच. हिशोब आम्ही नंतर मांडला. सहा अंकांवर सहा चिंचोके लावले तर परत येतात पाच. म्हणजे सहा लावण्यामागं सरासरी एक चिंचोका माझा. मला नशीब लागत नाही, फसवावंही लागत नाही. खेळ चालू राहिला की पुरे. आकड्याच्या धंद्यातही हेच आहे. दहा अंकांतला एक, आणि लागला तर एकाला नऊ. दहा रुपये गोळा होतात तेव्हा नऊ परत जातात. खेळणाऱ्याला वाटतं, 'किती दिवस लागला नाही, आता लागतोयच.' आकड्याला तरी आठवण कुठं असते?

पुढं दोन फासे घेतले, एक लाल आणि एक पांढरा. दोनपासून बारापर्यंतच्या बैलजोड्यांची शर्यत लावली. बेरीज येईल ती जोडी एक घर पुढं. बहुतेकांनी बाराची जोडी घेतली, मोठा आकडा म्हणून. जिंकली साताची. का, ते समजायला सगळ्या वाटा मांडाव्या लागतात. लाल फाशाचे सहा आणि पांढऱ्याचे सहा मिळून छत्तीस वाटा. त्यांत बारा एकाच वाटेनं येतो, सहा आणि सहा. सात सहा वाटांनी येतो. लाल तीन-पांढरा चार आणि लाल चार-पांढरा तीन या दोन वेगळ्या वाटा आहेत, हे रंगामुळं चटकन दिसतं. हा बारकावा भल्याभल्यांनाही चकवतो. तीन फाशांत नऊपेक्षा दहा जास्त वेळा का येतो, असा प्रश्न सतराव्या शतकात गॅलिलिओपुढं आला होता. त्यानं २१६ वाटा मोजून दाखवलं की नऊच्या २५ आहेत आणि दहाच्या २७.

वाटा मांडायची ही सवय लागल्यावर पुढचा प्रसंग घडला. ज्या मुलीच्या दप्तरात फासे सापडले होते ती मधल्या सुट्टीत वही घेऊन आली. हळूच म्हणाली, "सर, आम्ही तिघी बहिणी हाव. आईला आता दिवस हायती. आज्जी म्हनती, तीन पोरी झाल्या, आता पोरगाच. मी वाटा मांडल्या. चार लेकरांच्या सोळा वाटा. चारीबी पोरी ही एकच वाट. म्हंजी पंधरा वाटांनी पोरगा. आज्जीचं बरूबर हाय ना?"

तिची मांडणी सुरेख होती. सोळाच्या सोळा ओळी, एकही सुटलेली नाही. चूक फक्त एका जागी होती. मी तिला म्हटलं, "बाळ, यातल्या ज्या वाटा तुमच्या घरी घडल्याच नाहीत त्यांच्यावर काट मार." पहिला मुलगा असलेल्या आठ ओळी गेल्या. दुसरा मुलगा असलेल्या चार गेल्या. तिसरा असलेल्या दोन गेल्या. चौदा ओळींवर काट बसली आणि दोनच उरल्या. तीन मुली आणि मुलगा, तीन मुली आणि मुलगी. ती बराच वेळ वहीकडं पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी अर्धं-अर्धं. ह्ये फासा हाय, पिशवी न्हाई."

सुरुवातीला उभं राहून चार मुली होण्याची शक्यता मोजणं वेगळं, आणि तीन मुली झाल्यावर चौथ्या वेळची शक्यता मोजणं वेगळं. आजीची गफलत इथं होती, माझ्या ओळखीतल्या कितीतरी शिकल्या-सवरल्या माणसांची इथंच होते. मूल मुलगा होणार की मुलगी, हे वडिलांकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतं, आणि दर खेपेला ते नव्यानं ठरतं. आईच्या पोटाला आधीच्या लेकरांची मोजदाद ठाऊक नसते. अगदी काटेकोर सांगायचं तर निसर्गात मुलगे किंचित जास्त जन्मतात, शंभर मुलींमागं साधारण १०५. पण तेही दर खेपेला तेवढेच, तीन मुलींनंतर वाढत नाहीत.

ती गेल्यावर मला वर्गातली पहिल्या दिवसाची ओरड आठवली, 'फासा खोटा हाय.' तीस फेकांत ती चूक होती. पण फेका लाखांनी असतील आणि तरी एक बाजू मागंच राहत असेल, तर तिला नशीब म्हणता येत नाही. नैसर्गिक प्रमाण धरलं तर हजार मुलग्यांमागं सुमारे साडेनऊशे मुली असायला हव्यात. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या बालकांत २००१ च्या जनगणनेला हजार मुलग्यांमागं ९१३ मुली होत्या, २०११ ला ८९४. या वयाची मुलं राज्यात तेव्हा सव्वा कोटीहून जास्त होती. एखाद्या घरात तीन मुली किंवा तीन मुलगे होणं हा फाशाचा खेळ आहे. सव्वा कोटींत एवढी तूट पडणं हा फाशाचा खेळ नाही. तिथं कुणीतरी फाशाला हात लावलेला आहे. गर्भलिंग तपासणीला बंदी घालणारा कायदा १९९४ साली झाला, तो याच हातासाठी. आणि हा हात पुष्कळदा 'आता तरी मुलगाच हवा' या वाक्यापाशी सुरू होतो. चिंचोक्यांच्या खेळात चूक झाली तर चिंचोके जातात. इथं काय जातं ते सांगायला नको.

त्या मुलीनं जाताना विचारलं होतं, "सर, आज्जीला सांगू का?" मला चटकन उत्तर देता आलं नाही. बारा वर्षांच्या मुलीनं घरातल्या वडीलधाऱ्यांना हे सांगायचं, हे काही सोपं नव्हे. मी म्हणालो, "सांगू नकोस. त्यांना फासा टाकायला लाव आणि वहीत लिही." दप्तरातले ते दोन फासे मी तिला परत दिले.

पुढं पालकसभेला तिचे वडील आले. जुगाराचा विषय त्यांनी काढला नाही. म्हणाले, "पोरगी रोज सांजच्याला बसवती बगा फासे टाकायला. म्हातारी बी टाकती. वही भरली समदी." थोडं थांबून म्हणाले, "सहाचं काय खरं न्हाई गुर्जी. येतो तवा येतो."

चौथ्या वेळी त्यांच्या घरी काय झालं, ते मी मुद्दामच सांगत नाही. मुलगा झाला असता तर लोक म्हणाले असते, आजीचं खरं झालं. मुलगी झाली असती तर म्हणाले असते, आता पाचवा नक्की. एका फेकीवरून दोन्हींतलं काहीच सिद्ध होत नाही, हे माझ्या सातवीच्या मुलांना आता कळतं.

वाचणाऱ्यांत कुणी शिक्षक असतील, पालक असतील, त्यांना एवढंच सांगतो. याला प्रयोगशाळा लागत नाही. एक फासा आणि एक वही लागते. मुलांकडून आधी अंदाज लिहून घ्या, मग फासा टाकू द्या, आणि उत्तर सांगायची घाई करू नका. घरात 'आता येतोयच' असं कुणी म्हणालं तर मुलांना विचारू द्या, हे फासा की पिशवी?